पाठशाळेत जाण्याआधी: मोबाइलवरचं पुरुषसूक्त

गुहागरजवळच्या वेदपाठशाळेत मी गेलो तेव्हा सतरा पूर्ण होती. म्हणजे उशीरच. पण एक फुशारकी सोबत होती: पुरुषसूक्त तोंडपाठ, मोबाइलवर ऐकून केलेलं.

पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी म्हणायला सांगितलं. मी सुसाट. ‘यत्पुरुषेण हविषा’नंतर ‘सप्तास्यासन्’ आलं आणि पडवीतली बारकी पोरं खिदळली. गुरुजींचा अडकित्ता थांबला. "कुणाचं म्हणतोस रे हे?"

ते तैत्तिरीय आरण्यकातलं, म्हणजे कृष्ण यजुर्वेद्यांचं होतं. आम्ही ऋग्वेदी, शाकल शाखेचे (शाखा म्हणजे घराण्याची वेदपाठाची परंपरा). ऋग्वेदात हे दहाव्या मंडलातलं ९०वं सूक्त, ऋचा १६, आणि ‘सप्तास्यासन्’ पंधरावी. षोडशोपचारात, म्हणजे सोळा उपचारांच्या पूजेत, एकेका उपचाराला एकेक ऋचा. माझ्या क्रमाने देवाचं स्नान झाल्यावर वस्त्राच्या जागी थेट प्रदक्षिणेची ऋचा! तो पाठ चुकीचा नव्हे हो, फक्त आमचा नव्हता. जिभेवरून तो उतरवायला सात महिने गेले. कोरा गेलो असतो तर तीन आठवड्यांत झालं असतं.

तेव्हा आधी घरी शाखा विचारा. मग पाठ करा, तेही संथा घेऊनच: गुरुजी एकदा, आपण दोनदा. पोथी बघून जमेल असं वाटतं, तिथेच फसगत. वेद म्हणताना अक्षरागणिक स्वर वर-खाली होतो, त्या स्वरांची नावं उदात्त, अनुदात्त, स्वरित. पोथीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी, पण उदात्ताला खूणच नाही. स्वरितानंतर येणाऱ्या बिनखुणेच्या अक्षरांना प्रचय म्हणतात, त्यालाही नाही. कागदावर दोघे जुळे भाऊ. कोण कुठला हे मागच्या अक्षरावरून ओळखायचं, आणि तो कान समोर बसूनच तयार होतो.

सहा महिन्यांत प्राणप्रतिष्ठा आणि सत्यनारायण शिकून बाइकवर फिरणारे भटजी भेटतील. भाद्रपदात त्यांची कमाई बघून मीही जळलोय. त्यांना गुरू म्हणून मात्र धरू नका.

आवाज फुटतोय म्हणून घाबरू नका, वर्षभरात बसतो. अगदीच गळा साथ देईना तर शास्त्राकडे वळा. चिपळूणजवळचे पां. वा. काणे वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. १९६३ साली भारतरत्न झाले.

माझं म्हणाल तर गणपतीत अकराव्या घरी, घसा बसलेला असताना, ‘हविषा’नंतर जीभ अजून ‘सप्ता’कडे झुकते. मग मी उगाच घंटा वाजवतो आणि यजमानांकडे वस्त्र मागतो.