स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शिकवताना: अमेरिकेतल्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

टेक्सस, कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत शिक्षक, सहायक किंवा स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या मराठी मंडळींपुढे घरी स्पॅनिश बोलणारी मुलं हमखास येतात. शिकवण्याच्या पद्धती नंतर बघू. आधी मुलाची फाईल उघडा, कारण बरेचसे घोळ तिथूनच सुरू होतात.

प्रवेशाच्या वेळी पालक ‘होम लँग्वेज सर्व्हे’ भरतात. घरी कोणती भाषा चालते, मूल आधी कोणती बोलायला शिकलं, असे मोजके प्रश्न असतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. शाळेने भाषेच्या जादा मदतीसाठी मूल निवडलं, तर ते पालकांना वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कळवावं लागतं. मुलाला ‘कच्च्या’ वर्गात टाकतील या धास्तीने काही पालक सरळ ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. दुसरी भीती कागदपत्रांची. त्यांना स्पष्ट सांगा की या फॉर्मचा व्हिसाशी काही संबंध नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानुसार कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे.

फॉर्मवर ‘स्पॅनिश’ लिहिलंय म्हणून घरात स्पॅनिशच बोलतात असंही समजू नका. ग्वातेमालाहून आलेल्या काही घरांत माम किंवा किचे, मेक्सिकोच्या ओआहाकातल्या काही घरांत मिश्तेक किंवा सापोतेक या तिथल्या मूळच्या भाषा चालतात. स्पॅनिश ही त्या आईवडिलांची शिकलेली भाषा. दुभाषा स्पॅनिशमध्ये बोलतो, ते मान डोलवतात, आणि पोचत काहीच नाही. ‘आजीशी कुठल्या भाषेत बोलता?’ हा प्रश्न विचारला की खरं उत्तर मिळतं.

आडनावं सहसा दोन: आधी वडिलांचं, मग आईचं. कारकून शेवटचं तेवढं आडनाव धरतो, वडिलांचं मधल्या नावाच्या रकान्यात जातं आणि सख्ख्या भावंडांच्या नोंदी वेगवेगळ्या आडनावांखाली सापडतात. जन्मतारखेचंही तेच. त्यांच्या देशांत आपल्यासारखा दिवस आधी लिहितात, इथे महिना. ०३/०७ दिसलं की जन्मदाखला मागवून ताडून बघा.

वर्गात पहिली गैरसमजूत गणिताच्या वहीत होते. ७५ भागिले ४ करताना इथलं मूल ७ खाली ४ लिहून वजाबाकी मांडतं. मेक्सिकोत शिकलेलं मूल वजाबाकी मनात करतं. ७ खाली थेट ३ लिहितं, ५ उतरवतं, ३५ खाली पुन्हा थेट बाकी ३. उत्तर १८, बाकी ३, पण मधल्या पायऱ्या दिसत नाहीत म्हणून ‘कॉपी केली’ असा शेरा बसतो. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत भाजक उजवीकडे आणि भागाकार त्याच्या खाली लिहितात. आधी मुलाला तोंडी करून दाखवायला सांगा, मग गुण कापा.

उच्चारांच्या चुका ठरलेल्या असतात. ‘स्कूल’चं ‘एस्कूल’ होतं (‘इष्टेशन’ ऐकलेल्या मराठी कानांना त्यात नवल नाही), ‘शिप’ आणि ‘शीप’ एकच वाटतात. यात वेळ घालवू नका. नवं मूल काही महिने गप्प राहिलं तरी घाबरायचं कारण नाही. ते ऐकून साठवत असतं. या काळात चित्राकडे बोट दाखव, एका शब्दात सांग, इतपतच मागा.

खरा धोका पुढे आहे. मूल फडाफडा बोलू लागलं की मदत काढून घ्यावीशी वाटते. जिम कमिन्स या अभ्यासकाने दाखवलेला फरक इथे कामी येतो: मैदानावरची इंग्रजी दोनेक वर्षांत येते, पुस्तकातल्या इंग्रजीला पाच ते सात वर्षं लागतात. विज्ञानाचा एक परिच्छेद वाचायला द्या आणि मुलाच्या शब्दांत सांगायला लावा. ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’ आले की अर्थ उलटा होतो, आणि चौथी-पाचवीत सगळ्या विषयांचे गुण घसरतात ते इथून. मदत थांबवायची की नाही हे राज्याच्या वार्षिक चाचणीवर बरंच अवलंबून असतं: टेक्ससमध्ये टेलपास, कॅलिफोर्नियात एलपॅक. त्यातला वाचनाचा आणि लेखनाचा भाग वेगळा काढून बघा. नुसत्या बोलण्याच्या गुणांनी फसायला होतं.

‘घरी इंग्रजीच बोला’ हा सल्ला मात्र कुणालाही देऊ नका. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आईवडील गोष्ट सांगत नाहीत, वाद घालत नाहीत, कारणं समजावत नाहीत, आणि मुलाचा शब्दसाठा दोन्हीकडून आटतो. स्पॅनिशमध्ये लिहिलेलं जवळपास जसंच्या तसं वाचता येतं, त्यामुळे मूल त्या भाषेत लवकर वाचायला लागतं आणि ते कसब इंग्रजीत कामाला येतं. ‘-सिओन’ने संपणाऱ्या शेकडो शब्दांचं इंग्रजीत ‘-शन’ होतं, हे एकदा फळ्यावर मांडलं की मूल स्वतःच जोड्या शोधतं. रोज १५-२० मिनिटं घरी स्पॅनिशमध्ये वाचा, एवढंच सांगा.

पालकसभेत मुलाला दुभाषा करू नका. स्वतःच्या तक्रारीचं भाषांतर कुठलं मूल नीट करेल? दुभाषा शाळेने द्यायचा असतो, तो आधी मागून ठेवा. पालक प्रश्न विचारत नाहीत याचा अर्थ त्यांना पर्वा नाही असा काढू नका. बाईंपुढे वाद घालणं त्यांच्यात उद्धटपणाचं समजतात. ‘समजलं का?’ याला ‘सी’ (हो) हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी ‘हा कागद घरी नेऊन काय कराल?’ असं विचारा. आणि सभा दुपारी दोनला ठेवली तर रोजंदारीवरचा बाप येणार नाही. संध्याकाळी सहानंतरची वेळ द्या आणि धाकट्या भावंडांना बसायला शेजारची खोली उघडून ठेवा.