धायटी लावताय? या चुका टाळा

अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा किनवट-माहूरकडच्या माळावर माघ-फाल्गुनात लालभडक झुडपं दिसतात, ती धायटी. सपाटीवरच्या गावांत ती क्वचितच दिसते. हौसेने आणलेली रोपं बहुतेकदा पाण्याच्या लाडाने मरतात.

पहिली चूक बियाण्याची. फूल सुकलं की त्याची तपकिरी नळी फांदीवरच राहते आणि लोक ती कचरा समजून झटकतात. बोंड त्या नळीच्या आत असतं. एप्रिल-मेमध्ये नळ्या कागदावर चुरडा, मोहरीपेक्षाही कितीतरी बारीक बी निघेल. हे बी मातीखाली गाडलं की संपलं, कारण इवल्याशा कोंबात वर यायचा जोर नसतो. चाळलेली माती, वाळू आणि जुनं शेणखत समप्रमाणात घेऊन ट्रे भरा. बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून वर भुरभुरा आणि हाताने हलकेच दाबा, बस्स. झारीने पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. त्यापेक्षा ट्रे दोन-तीन सेंटिमीटर पाण्यात ठेवा. वरची माती ओलसर दिसली की लगेच उचला. पाण्यात तसाच राहिला तर रोपं बुडाशी काळी पडून माना टाकतात. चार-सहा पानांवर रोपं पिशवीत हलवा आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात जमिनीत लावा.

काळ्या चिबड रानात धायटी लावूच नका, मुळं कुजतात. मुरमाड उतार उत्तम. काळीशिवाय जमीनच नसेल तर उंचवटा करून दीड फुटी खड्डा मुरूम-मातीने भरा. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे. ठिबकवर रोज पाणी आणि वर युरिया दिला, तर पाला माजतो नि फुलं रुसतात.

हिवाळ्यात पानं झडली म्हणून झाड उपटू नका. नखाने साल खरवडा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

दिवाळीत छाटणी करणाऱ्यांना फुलं दिसत नाहीत, कारण ती जुन्या फांद्यांवर येतात. छाटायचंच तर बहर संपल्यावर, पावसाआधी. बी हवं असेल तर काही फांद्या सोडा. सगळी फुलं काढ्यासाठी किंवा आसवासाठी (आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधासाठी) तोडू नका, शिंजीर म्हणजे मध पिणारे इवलेसे पक्षीही त्यावरच येतात.

गौताळ्यासारख्या अभयारण्यातून मात्र रोप, फूल, बी काहीच आणू नका, तो गुन्हा आहे. बी खासगी बांधावरच्या झुडपाचं, मालकाला विचारून घ्या.