संत्र्याचा जॅम आणि फल्लीदाण्यांच्या भाजलेल्या वड्या

आंबिया बहाराचा, म्हणजे संत्र्यांच्या पहिल्या हंगामाचा, माल उतरू लागला की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातल्या घरांत संत्र्यांचे एखादे टोपले कोपऱ्यात राहून जाते. व्यापाऱ्याने बाजूला काढलेला हा माल बारीक किंवा सालीवर डागाळलेला असतो, पण आतून उत्तम असतो. आमच्याकडे त्याला चुरी म्हणतात. घरातली मंडळी खाऊन कंटाळतात आणि आठवडाभरात फळे खालून नासू लागतात. त्याआधीच या चुरीचा घट्ट जॅम करावा, तो गव्हाच्या पिठाच्या खुसखुशीत थरावर पसरावा आणि वर फल्लीदाणे (शेंगदाणे) व चारोळी घालून त्याच्या वड्या भाजाव्यात. ओव्हन असल्यास उत्तम, नसल्यास जाड बुडाची कढई पुरते; गावातले भारनियमन लक्षात घेता मला स्वतःला कढईच अधिक भरवशाची वाटते.

शब्दांचा एक घोळ आधीच सोडवलेला बरा. विदर्भात जाम म्हणजे पेरू आणि पोळीला लावायचा तो जॅम. या कृतीत जॅममध्ये जाम घालायचा आहे, आणि तो चवीसाठी नव्हे. साखर आणि आंबटपणा यांच्या साथीने रसाला घट्टपणा आणणारा पेक्टिन हा घटक संत्र्याच्या गरात थोडा आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात अधिक असतो. परंतु तो पांढरा भाग घातला की कडवटपणा येतो. पेरूमध्ये पेक्टिन भरपूर असते, म्हणून नुकताच पिकू लागलेला, दाबल्यावर अजून कडक लागणारा एक मोठा पेरू संत्र्यांना लागणारी मदत करतो.

कडवटपणाची ही बाब मी पहिल्या खेपेस फारशी मनावर घेतली नव्हती. फोडींवरचे धागे आणि काही बिया तशाच राहू दिल्या. शिजताना चव घेतली तेव्हा जॅम गोडच होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच जॅम तोंडात धरवेना. कारण असे की, संत्र्याच्या बियांत आणि पापुद्र्यात असलेला बेचव घटक आंबट रसात मिसळला आणि तापला की त्याचे हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू द्रव्यात रूपांतर होते. त्यामुळे ताजी चव घेऊन काही कळत नाही. फोडीचा पापुद्रा सोलून केवळ केशरी गर काढावा, बी एकही राहू देऊ नये. हे काम वेळखाऊ आहे. दुपारी अंगणात दोघी-तिघींनी मिळून बसल्यास मात्र अर्ध्या-पाऊण तासात उरकते.

साधारण 9 ते 10 मध्यम संत्र्यांतून 500 ग्रॅम स्वच्छ गर निघतो. पेरूचे तुकडे बुडतील इतपत पाण्यात मऊ शिजवावेत आणि चाळणीवर घासून बिया वेगळ्या कराव्यात, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम लगदा मिळेल. या दोहोंना 400 ग्रॅम साखर लागते. आंबियाची संत्री किंचित आंबट असतात, म्हणून त्यांना एक चहाचा चमचा लिंबाचा रस पुरे होतो. त्यानंतर येणाऱ्या मृग बहाराच्या गोड फळांना दोन चमचे घालावेत. साखर कमी करण्याचा मोह टाळावा, कारण ती गोडीसाठी असते तितकीच जॅम घट्ट होण्यासाठी आणि टिकण्यासाठीही असते.

भांडे स्टीलचे, जाड बुडाचे आणि पसरट घ्यावे. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट रस शिजवू नये आणि पितळी असल्यास त्याला चांगली कल्हई असावी. प्रथम गर आणि पेरूचा लगदा दहा मिनिटे शिजवून मग साखर घालावी. ती मंद आचेवर पूर्ण विरघळल्यानंतर आच वाढवावी आणि लांब दांड्याच्या सराट्याने (उलथण्याने) तळापासून ढवळत राहावे. शेवटी शेवटी जॅम फटफट उडतो आणि हातावर पडल्यास चांगलाच भाजतो, म्हणून लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे.

जॅम झाला की नाही हे ओळखण्यावरच पुढच्या वड्यांचे सारे काही अवलंबून आहे. पोळीबरोबर खायचा जॅम थोडा सैल असला तरी बिघडत नाही. वडीतला जॅम सैल असला तर भाजताना तो उकळून कडांतून बाहेर येतो, तेथे जळतो, आणि खालचा थर मात्र ओला, कच्चा राहतो. बशीवर थेंब टाकून पाहण्याची पद्धत सर्वांना माहीत असते: थंड स्टीलच्या ताटलीवर थेंब घालून मिनिटभराने बोटाने सरकवला असता त्यावर सुरकुती पडली पाहिजे. घरी फ्रीज नसल्यास ताटली ओल्या फडक्यावर माठाशेजारी ठेवून गार करता येते. माझा अधिक विश्वास मात्र तराजूवर आहे. रिकाम्या भांड्याचे वजन आधी लिहून ठेवावे; वरच्या प्रमाणात फळ आणि साखर मिळून 1050 ग्रॅम होतात आणि आटून 700 ग्रॅम राहिले की जॅममध्ये साखरेचे व फळातल्या घन पदार्थांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होते. तेवढे हवे. थर्मामीटर असेल तर पाणी ज्या तापमानाला उकळते त्याहून 4 अंश वर गेल्यावर जॅम उतरवावा. जॅमसाठी सर्रास सांगितला जाणारा 105 अंश सेल्सिअसचा आकडा येथे डोळे झाकून पाळू नये, कारण सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात पाणी नागपूरच्या मानाने दोन-तीन अंश आधीच उकळते आणि तिथे 105 गाठेपर्यंत जॅमचा गोळा होईल.

लिंबाचा रस उतरवण्याच्या पाच मिनिटे आधी घालावा. वड्यांच्या एका ताटाला 250 ग्रॅम जॅम लागतो. उरलेला उकळून वाळवलेल्या काचेच्या बरण्यांत गरम असतानाच भरावा. वडीसाठीचा जॅम पूर्ण गार झाल्याखेरीज वापरू नये, त्यामुळे जॅम आदल्या दिवशीच केलेला सोयीचा पडतो.

थरासाठी 250 ग्रॅम गव्हाचे पीठ, 120 ग्रॅम घरचे तूप, 90 ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दीड ते दोन मोठे चमचे दूध घ्यावे. दिवाळीच्या आधी तूप, साखर आणि पीठ घेऊन भट्टीवर नानकटाई करून आणण्याची रीत ज्यांना आठवते, त्यांना हे मिश्रण अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच की, येथे तूप फेसायचे नाही. थिजलेले तूप बोटांच्या टोकांनी पिठात चोळावे, ते जाडसर रव्यासारखे दिसू लागले की दूध शिंपडावे आणि मुठीत दाबून गोळा राहतो एवढे पाहून थांबावे. कणकेसारखे मळल्यास पिठाला चिवटपणा येतो आणि वडी खुसखुशीत होत नाही. हिवाळ्यात तूप आपोआप घट्ट असते. उन्हाळ्यात ते पातळ होते, तेव्हा तुपाची वाटी गार पाण्यात ठेवून ते थिजवून घ्यावे.

20 सेंटिमीटरच्या चौकोनी साच्याला किंवा 22 सेंटिमीटरच्या उभ्या काठाच्या ताटाला तूप लावून कागद घालावा. मिश्रणाचा दोन तृतीयांश भाग त्यात पसरून वाटीच्या बुडाने सारखा दाबावा आणि काटा चमच्याने टोचे मारून हा थर एकटाच आधी भाजून घ्यावा. ओव्हनमध्ये 180 अंशांवर 15 मिनिटे पुरतात. रंग येण्याची गरज नाही. वरचा भाग कोरडा दिसला की झाले.

आता दाण्यांविषयी. 70 ग्रॅम फल्लीदाणे अर्धवट भाजून, साले काढून, खलबत्त्यात ओबडधोबड कुटावेत. मिक्सरमध्ये तेल सुटून त्यांचा लगदा होतो. पूर्ण भाजू नयेत, कारण वडीवर त्यांना दुसऱ्यांदा आच लागणार असते. चारोळी 30 ग्रॅम घ्यावी आणि ती कच्चीच घालावी. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट इकडच्या रानातल्या चाराच्या झाडांची ही चारोळी महाग असते, आणि तेल जास्त असल्याने लवकर खवट होते. म्हणून विकत घेताना दोन दाणे चावून पाहावेत. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. बुरशी लागलेले किंवा काळवंडलेले फल्लीदाणे निवडून फेकून द्यावेत, भाजल्याने ते खाण्याजोगे होत नाहीत. चारोळी परवडत नसेल तर तेवढेच तीळ घालावेत. जवस घालायची झाल्यास एक मोठा चमचाभरच घालावी, एरवी तिची चव संत्र्यावर मात करते.

भाजलेल्या थरावर जॅम पसरताना कडेपासून बोटभर जागा सोडावी. उरलेल्या मिश्रणात दाणे व चारोळी मिसळून त्याचा चुरा जॅमवर भुरभुरावा, मात्र तो दाबू नये आणि जॅम पूर्ण झाकू नये, म्हणजे वाफ निघायला वाट राहते. ओव्हनमध्ये याला आणखी 25 ते 30 मिनिटे लागतात.

कढईत भाजायचे असल्यास तळाशी दोन सेंटिमीटर मीठ किंवा धुऊन वाळवलेली रेती पसरावी, त्यावर तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर 15 मिनिटे तापवावी. नॉन-स्टिक भांडे या कामी घेऊ नये. पहिल्या थराला 20 मिनिटे आणि जॅम घातल्यानंतर मंद आचेवर 35 ते 40 मिनिटे असा वेळ धरावा. कढईत आच फक्त खालून येते, त्यामुळे तळ तांबूस होऊनही वरचा चुरा पांढराच राहतो. ज्या घरात गोवऱ्यांवर रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजले जातात, त्या घराला यावरचा उपाय वेगळा शिकवावा लागत नाही: अंगणातल्या चुलीवर कढई ठेवली असेल तर शेवटची दहा मिनिटे झाकणावर थोडे निखारे ठेवावेत. घरात गॅसवर असाल तर वेगळा तापवलेला लोखंडी तवा सपाट झाकणावर ठेवला तरी रंग येतो.

साचा बाहेर काढल्यावर दहा मिनिटांनी सुरीने 16 वड्यांच्या खुणा कराव्यात, परंतु वड्या सुट्या करू नयेत. गरम असताना तूप आणि जॅम दोन्ही मऊ असतात आणि वडी हातात येताच तिचा भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर कागदासकट उचलून पाटावर ठेवावे आणि त्याच खुणांवरून सुरी सरळ खाली दाबून कापावे. हिवाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात या वड्या आठवडाभर चांगल्या राहतात. नागपूरला वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी डबा एसटीने पाठवायचा असेल तर दोन थरांच्या मध्ये कागद घालावा आणि वरची मोकळी जागा मुरमुऱ्यांनी भरावी, म्हणजे धक्क्यांनी वड्या एकमेकींवर आपटत नाहीत.