फ्रान्समध्ये पोळी, केक आणि पुड्यावरचे शब्द

फ्रान्समध्ये नव्याने घर मांडणाऱ्या मराठी जोडप्याने भाषेच्या वर्गात नाव घालण्याआधी किराण्याचे पुडे वाचायला शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही दोघे लिऑनला राहायला आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात कणीक समजून आणलेल्या पिठाच्या पोळ्या काठाने फाटल्या आणि हौसेने केलेला केक वर न येता आंबूस वासाचा गोळा होऊन बसला. दोन्ही वेळा माल चांगला होता. चूक आमच्या वाचण्यात होती.

आधी पिठाकडे वळू. इथल्या गव्हाच्या पिठावर टी ४५, टी ५५, टी ६५, टी ८०, टी ११० आणि टी १५० असे आकडे छापलेले असतात. ते दळणाच्या जाडीचे नव्हेत. पीठ पूर्ण जाळल्यावर जी राख, म्हणजे खनिजे, मागे उरतात त्यांचे ते माप आहे. शंभर ग्रॅम कोरड्या पिठामागे सुमारे ०.५५ ग्रॅम राख उरली, तर ते पीठ टी ५५. ही खनिजे मुख्यतः गव्हाच्या सालीत असतात, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका कोंडा अधिक, एवढे लक्षात ठेवले तरी काम भागते. टी ४५ आणि टी ५५ यांना आपला मैदा समजावे. टी ६५ पावासाठी चांगले, आणि टी १५० मध्ये सगळा कोंडा असतो.

टी १५० वर अनेकदा ‘कोंप्लेत’, म्हणजे संपूर्ण, असे लिहिलेले असते आणि आपली फसगत तिथेच होते. आपली कणीक चक्कीत बारीक दळली जाते आणि त्या दळण्यात पिठातले स्टार्चचे कण बरेच तुटतात, म्हणून ती भरपूर पाणी पिते आणि मऊ राहते. इथले पीठ पावासाठी दळलेले असते आणि त्यातला कोंडा बहुधा जाडसर असतो. तो भिजलेला नसेल तर पिठाला येणारा चिवटपणा मध्येच तोडतो आणि पोळी लाटताना कडा फाटतात. यावर आमच्या घरी ठरलेला उपाय असा की, एक वाटी टी १५० चाळून घ्यायचे, त्यात एक वाटी टी ६५ मिसळायचे, मीठ व चमचाभर तेल घालून कोमट पाण्याने नेहमीपेक्षा थोडे सैलच भिजवायचे आणि ओल्या फडक्याखाली पाऊण तास झाकून ठेवायचे. तेवढ्या वेळात कोंडा पाणी ओढून घेतो. पुन्हा मळून बोटाने दाबावे; खळगा सावकाश भरून आला की लाटायला घ्यावे. टी ८० मिळाले तर मिसळण्याचीही गरज पडत नाही. भाड्याच्या घरात इंडक्शनची शेगडी असेल, तर ॲल्युमिनियमचा तवा तिच्यावर तापत नाही, लोखंडी किंवा बिडाचा तापतो. ज्वाळेवर फुलका फुगवण्याचा नाद मात्र सोडावा आणि घडीची पोळी करावी.

खरी कणीक, तूरडाळ किंवा पोहे हवे असतील, तर पॅरिसमध्ये गार द्यू नोर या रेल्वे स्थानकाच्या मागे ला शापेल भागातल्या श्रीलंकन तमिळ दुकानांत जावे. लिऑनमध्ये गियोतिएर भागात चौकशी करावी. बेसनासाठी मात्र एवढी पायपीट नको. ते ‘प्वा शिश’च्या, म्हणजे काबुली चण्याच्या, पिठाच्या रूपात सेंद्रिय मालाच्या दुकानांत मिळते. रव्यासाठी ‘समूल फीन’ घ्यावे. हा रवा कठीण जातीच्या गव्हाचा असल्याने उपम्याला आधण थोडे वाढवावे लागते.

केकच्या फजितीचे कारण ‘लव्ह्यूर’ हा शब्द. ‘लव्ह्यूर शिमीक’ म्हणजे बेकिंग पावडर. ती ११ ग्रॅमच्या छोट्या पुड्यांत येते. ‘लव्ह्यूर द बुलांजे’ म्हणजे पावाचे यीस्ट. मी घाईत दुसरे उचलले होते. साखरेतही असाच सापळा आहे. ‘स्यूक्र आं पूद्र’चा शब्दशः अर्थ भुकटी साखर असला, तरी पुड्यात बारीक दाणेदार साखर असते, नानकटाईला लागणारी पिठीसाखर हवी असेल तर ‘स्यूक्र ग्लास’ शोधावी. खाण्याचा सोडा घेताना तो ‘आलिमांतेर’, म्हणजे खाण्याचाच, आहे ना, हे पाहावे, कारण साफसफाईच्या सामानातही सोड्याचे डबे असतात.

पहिला केक म्हणून ‘गातो ओ याऊर्त’, म्हणजे दह्याचा केक करावा. फ्रेंच मुले आजीजवळ पहिल्यांदा बहुधा हाच शिकतात, आणि वाटीच्या मापाने वाढलेल्या आपल्या माणसांना तो लगेच आपलासा वाटतो, कारण दह्याची १२५ ग्रॅमची रिकामी कुंडी हेच त्याचे माप. एक कुंडी दही, दोन कुंड्या साखर, तीन कुंड्या टी ५५, अर्धी कुंडी बेचव तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडरचा एक पुडा. दही, साखर, अंडी फेटून घ्यावीत, मग पीठ व पावडर, शेवटी तेल. पीठ घातल्यावर फार फेटू नये. आम्ही वेलदोड्याची पूड घालतो. जुन्या फ्रेंच पाककृतींत तापमानाऐवजी ‘तेर्मोस्ता ६’ असा आकडा दिसतो. त्याला तिसाने गुणावे, म्हणजे १८० अंश सेल्सिअस. ओव्हनच्या खुणांमध्ये पंख्याचे चित्र असेल आणि तो पर्याय वापरणार असाल, तर २० अंश कमी ठेवावेत. पस्तीस मिनिटांनी मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली की केक झाला.

श्रीखंडासाठी ‘फ्रोमाज ब्लां’, म्हणजे दह्यासारखे मऊ ताजे चीज, रात्रभर फडक्यात टांगून ठेवले की सुरेख चक्का मिळतो. मात्र ते घट्ट करण्यासाठी अनेकदा ‘प्रेझ्यूर’ घालतात आणि ते वासराच्या जठरातून काढलेले असू शकते, म्हणून काटेकोर शाकाहारी घरात साधे ‘याऊर्त’च टांगावे. तुपासाठी मीठ नसलेले, ‘दू’ लिहिलेले लोणी घ्यावे. त्यात ८२ टक्के स्निग्धांश असल्याने २५० ग्रॅमच्या वडीतून जवळपास दोनशे ग्रॅम तूप निघते, आणि बेरीही.

पाव घरी करण्याचा आग्रह धरू नये. तो बुलांजरीतून, म्हणजे पावाच्या दुकानातून आणावा. आत शिरताच आधी ‘बोंज्यूर’ म्हणावे, मग मागणी सांगावी. हा क्रम चुकल्यास विक्रेतीचा चेहरा बदलतो. साध्या बगेतऐवजी, म्हणजे लांब काठीसारख्या पावाऐवजी, ‘त्रादिसियों’ मागावी. १९९३ च्या सरकारी हुकमानुसार या पावाचे पीठ गोठवता येत नाही आणि त्यात टिकाऊपणासाठी काही घालता येत नाही. खरपूस हवा असल्यास ‘बियँ क्वीत’ म्हणावे. ताजे यीस्ट हवे असले, तर बरेच बेकर मागितल्यावर थोडे विकत देतात.

ही बगेत दुसऱ्या दिवशी दगडासारखी होते. फ्रेंच लोक तिचे काप दूध-अंड्यात भिजवून लोण्यावर परततात. आम्ही ती हाताने चुरतो, पाण्याचा हबका मारून दहा मिनिटे झाकतो आणि मोहरी, हिंग, हळद, कांदा व हिरव्या मिरचीच्या फोडणीत टाकतो. वरून लिंबू पिळावे. ओले खोबरे मिळाले तर उत्तमच.