घाम गाळताय? मग या चुका टाळा

मार्च संपत आला की आमच्या ठाण्यात उपवन तलावाच्या कडेला नवीन चेहरे दिसायला लागतात. कोणाचं लग्न ठरलेलं असतं, कोणाला शुगरच्या रिपोर्टनं घाबरवलेलं असतं, आणि सगळ्यांना रिझल्ट मात्र कालपर्यंत हवा असतो. पळायला या, आनंदच आहे. पण घामाबद्दल ज्या समजुती सोबत घेऊन येता त्या ऐकून ऐकून आता माझे कान किटलेत.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे घाम हीच वितळलेली चरबी समजणं. एक पोरगा यायचा, पंचविशीतला, चांगला दणकट. जिममधल्या कोणीतरी त्याला सॉना सूट गळ्यात मारलेला, म्हणजे रेनकोटसारखंच कापड, मनगटाला आणि गळ्याला घट्ट इलॅस्टिक. त्यावर कडी म्हणजे आतून पोटाला स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळलेलं. मे महिना, उशिरा उठल्यामुळे ऊन चांगलंच वर आलेलं, हवा दमट. म्हटलं अरे काढ ते, तर म्हणतो, "काका, काल एका तासात दीड किलो गेलं, काटा दाखवतो तुम्हाला!" थोड्या वेळानं बघतो तर गडी सरळ पळेना, पाय भलतीकडेच पडतायत, नाव विचारलं तर काहीतरी असंबद्ध बडबडतोय आणि अंग घामानं निथळतंय. आणि जमलेल्या तज्ज्ञ मंडळींचं म्हणणं काय, तर घाम येतोय ना, मग उष्माघात नाही, जरा बसू द्या.

माणसं इथेच फसतात. कातडी कोरडी पडते तो प्रकार जास्त करून घरात उकाड्यात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांत दिसतो, पळता पळता होणाऱ्या उष्माघातात अंग चिंब असू शकतं. घाम आहे का नाही हे बघत बसू नका, बोलणं बिघडलं, तोल गेला, की उष्माघातच धरून चाला. आम्ही तो सूट टरकावून काढला, सावलीत आडवा केला, ज्यूसवाल्याकडचा बर्फ पाण्यात टाकून ते पाणी अंगभर ओतत राहिलो, दोघं पेपरनं वारा घालत होते आणि एकानं 108 लावला. तोंडात पाणी ओतायला एक जण पुढे आला त्याला हात धरून मागे ओढावं लागलं, कारण शुद्ध नीट नसताना ते पाणी श्वासनलिकेत जातं. पोरगा वाचला, लग्नही झालं. पण आधी गार करा, मग हलवा, हा क्रम तेव्हा पाळला नसता तर काय झालं असतं कोणास ठाऊक.

आता जरा कारण ऐका. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात त्यातली जेमतेम पाव पळण्याच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला रक्त तापल्याचं कळलं की तो अंगभरच्या 20 ते 40 लाख घामग्रंथींना कामाला लावतो. पण घाम नुसता येऊन गारवा मिळत नाही, तो कातडीवरून उडून जायला लागतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार नसतं, पाझरलेलं सुकतं म्हणून असतं. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता अंगातून जाते. (लगेच मोबाईलमध्ये 580 कॅलरी जळाल्या म्हणून लिहू नका, ही उष्णता आहे, चरबी नव्हे.) टपटप खाली पडलेला घाम फुकट गेला, आणि सूटच्या आत कोंडलेला तर फुकटाहून वाईट, पाणी गेलंच आणि गारवाही नाही. ते दीड किलो म्हणजे दीड लिटर पाणी, जेवण-पाणी झालं की संध्याकाळी हजर. अमेरिकेत 1997 साली वजनी गटात बसण्यासाठी असंच अंग गुंडाळून घाम काढताना तीन कॉलेज पैलवान महिनाभराच्या आसपास मेले, त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदीच आली. आपल्याकडे मात्र ते ऑनलाइन सेलमध्ये मिळतात आणि लोक घेतातही.

कोकणपट्टीच्या दमट हवेत तर घाम नीट उडतच नाही, त्यामुळे पुण्याच्या मित्राचा स्पीड बघून ठाण्यात पळू नका. मी एप्रिल-मे मध्ये पेस बघतच नाही, दम किती लागतोय तेवढं बघतो.

दुसरं दुखणं पाण्याचं. घामात पाण्याबरोबर मीठ जातं, टोपीवर किंवा काळ्या टीशर्टवर पांढरे ओघळ उमटत असतील तर तुमचं जास्तच जातंय. अशा माणसानं दोन-तीन तास पळताना नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मग मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, भ्रमिष्टासारखं वागणं, आणि लोकांना वाटतं डिहायड्रेशन, म्हणून अजून पाणी पाजतात! माझी पद्धत साधी आहे. पळायच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करतो, जेवढं घटलं तेवढं पाणी दिवसभरात घोट घोट घेतो, आणि वजन घटायच्या ऐवजी वाढलं तर गरजेपेक्षा जास्त प्यालोय. लांब पळायचं असेल तर मीठ घातलेलं लिंबू सरबत सोबत, घरी आल्यावर ताक. नारळपाणी छान लागतं पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. बीपीवाल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून ठरवा, माझं बघून नको.

ओआरएसचं तर विचारूच नका. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत, का, तर "स्ट्राँग पाहिजे". अरे ते औषध आहे, चहा नाही! घट्ट केलं की शोषण बिघडतं आणि मीठ जास्त होतं ते वेगळंच. पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, वरून साखर नको. आणि नावात ओआरएस घालून विकली जाणारी ती गोड गोड टेट्रापॅकं, त्यांना 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, चाप लावला, खरा फॉर्म्युला नसेल तर ते नाव वापरायचं नाही. घरात जुना खोका असेल तर मागची साखर वाचा.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

घामातून "टॉक्सिन" निघतात म्हणून जास्त घाम काढायचा: ते काम लिव्हर आणि किडनीचं, घाम बहुतेक पाणी आणि मीठच.

"मला लवकर घाम येतो म्हणजे स्टॅमिना नाही": उलट आहे. रोज थोडं थोडं उन्हात पळालात की दहा-चौदा दिवसांत घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. हे दहा दिवस द्यायला कोणी तयार नसतं. परदेशातून मे महिन्यात सुट्टीला आलेली मंडळी तर दुसऱ्याच दिवशी दहा किलोमीटर!

घामोळ्यावर पावडरचे थर: घामोळं येतं ते घामाची वाट बुजल्यामुळे, तुम्ही तीच अजून बुजवताय. गार वाटतं ते मेन्थॉलमुळे, अंग गार होत नाही. थंड पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे, पंखा, बास.

पळून आल्यावर ओल्या काखेत डिओ: घामाला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच, काखेतले बॅक्टेरिया तो करतात, म्हणून आधी साबण. डिओ वास झाकतो. अँटीपर्स्पिरंट वेगळं, त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं बंद करतात, ते रात्री कोरड्या काखेत लावायचं.

आणि जो घाम पळण्याचा नाही तोही ओळखा. रात्री उशी भिजतेय, सोबत वजन घटतंय, बारीक ताप येतोय, तर टीबीची तपासणी करा. छातीत जड वाटून गार घाम फुटला तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, ईसीजी काढा. शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला पळताना अचानक गार घाम आणि थरथर सुटली तर साखर उतरलेली असू शकते, तिथेच थांबा आणि तोंडात साखर टाका, म्हणून अशा माणसांना मी खिशात ग्लुकोजची पुडी नसेल तर आमच्यासोबत पळू देत नाही, मग ते कितीही रागावू देत.