रेषा बिंदूतून जाते का? पट्टी ठेवा बाजूला, चढ काढा

आमचा पुतण्या दहावीला आहे, काल आलेख कागद घेऊन बसलेला. दोन बिंदू मांडले, पट्टीनं रेघ ओढली आणि म्हणतोय काका बघा की, तिसरा पण रेषेवर आलाय. आला नव्हता भावा, पेन्सिलीचं टोक जाड होतं.

वाघबीळवरनं पन्हाळ्याला चढताना गाडी मधेच खालच्या गिअरला घ्यावी लागते, कारण चढ सारखा बदलतोय. सरळ रेषेचं तसं नसतंय, तिच्यावरचे कुठलेही दोन बिंदू उचला, चढ तोच. सगळी ट्रिक एवढीच.

आता त्याचंच गणित घेऊ. रेषा अ (−३, ५) आणि ब (१, −१) मधनं जाते, प (७, −९) तिच्यावर आहे का? चढ म्हणजे वाय मधला फरक भागिले एक्स मधला फरक. अ ते ब: −१ − ५ = −६, खाली १ − (−३) = ४, म्हणजे −३/२. हितंच निम्मी पोरं गंडतात, वजा वजा अधिक होतं हे विसरून खाली −२ लिहितात आणि चढ ३ काढून मोकळी. आणि वर ब आधी घेतला तर खाली पण ब च आधी, उलटसुलट केलं की चिन्ह फिरलंच.

मग ब ते प: −९ + १ = −८, खाली ७ − १ = ६, म्हणजे −४/३. जुळत नाही, विषय संपला. एक्स ७ असताना वाय −१० पाहिजे होता, एका घराचा फरक, डोळ्याला कसा कळणार? (५, −७) घेतला असता तर −६/४, म्हणजे बरोब्बर −३/२, तो रेषेवर आहे.

एक मात्र बघा, दोन्ही वेळी ब कॉमन घेतलाय. कॉमन बिंदू नसेल तर नुसता चढ सारखा आला म्हणून काय होत नाही, रेषा समांतर पण असू शकतात.

अ ते ब काढताना खाली शून्य आलं तर रेषा उभी आहे, चढ काढता येत नाही, मग नुसता एक्स जुळतोय का बघायचं. आणि ब ते प काढताना वर खाली दोन्हीकडं शून्य आलं तर घाबरू नका, दिलेला बिंदू म्हणजे ब च आहे, तो आधीच रेषेवर बसलाय.