सरावात खंड पडला तर: जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी नव्याने कशी आखावी

मुंबई मॅरेथॉन 2004 पासून भरते आहे आणि जानेवारीचा तिसरा रविवार हा आता तिचा ठरलेला दिवस आहे. त्या रविवारपासून सोळा ते अठरा आठवडे मागे मोजत गेले, की आपण सप्टेंबरमध्ये पोहोचतो. म्हणजे पूर्ण मॅरेथॉनच्या सरावाचा काळ परतीचा पाऊस, नवरात्र, ऑक्टोबरचा उकाडा, दिवाळी आणि लग्नसराई या सर्वांमधून वाट काढत जातो. सकाळची लोकल गाठून कामावर जाणाऱ्या हौशी धावपटूचा सराव या काळात एकदाही न तुटता पार पडणे अपवादानेच घडते. त्यामुळे खंड पडू नये याची काळजी करत बसण्यापेक्षा, तो पडल्यावर नेमके काय करायचे हे आधीच ठरवून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. पुढील मजकूर पूर्वी किमान एखादी अर्धमॅरेथॉन पूर्ण केलेल्या धावपटूंना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

खंडानंतरचा सर्वांत मोठा मोह असतो तो बुडालेले किलोमीटर भरून काढण्याचा. डिसेंबरातल्या रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब अंतराची धाव, आटोपून बुटांच्या नाड्या सैल करत बसलेल्या मंडळींमध्ये हा विषय हमखास निघतो. "काका, दिवाळीत माझे दोन लाँग रन बुडाले. या आठवड्यात शनिवार-रविवार लागोपाठ धावून टाकू का?" असे एखादी तरुण मुलगी विचारते आणि अनेक शर्यती पाहिलेले काका म्हणतात, "अगं, बुडालं ते बुडालं. त्याची वसुली करायला जाशील तर गुडघा गहाण पडेल." उत्तर थट्टेचे असले तरी ते शरीराच्या नियमाला धरून आहे. विश्रांतीच्या पहिल्या आठवड्याभरात दमसास फारसा घटत नाही; दोन आठवड्यांनंतर ही घट जाणवू लागते, पण पुन्हा सराव सुरू केला की ती बऱ्यापैकी लवकर भरूनही निघते. हाडे आणि स्नायुबंध मात्र भार सोसायला सावकाश तयार होतात. परिणामी दम आधी परत येतो आणि पाय मागे राहतात. "आता बरे वाटते आहे" असे म्हणत धावपटू वेग वाढवतो तो नेमका याच अवधीत, आणि दुसरी दुखापतही बहुधा याच अवधीत होते.

म्हणून प्रथम खंड किती मोठा आहे ते मोजावे. आठवड्याभराचा असेल, तर वेळापत्रक जिथे तुटले तिथूनच पुढे चालू ठेवावे आणि पहिले दोन-तीन दिवस सावकाश धावावे. दोन आठवडे गेले असतील, तर खंडापूर्वीच्या साप्ताहिक अंतराच्या निम्म्यापासून सुरुवात करून ते दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत करावे. तीन ते चार आठवडे गेले असतील, तर धावणे आणि चालणे आलटून पालटून करावे. पाच मिनिटे धावून एक मिनिट चालावे, आणि सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतपतच वेग ठेवावा. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये हा जुना संकेत काही अटळ नियम नव्हे, परंतु उतावळ्या माणसाला लगाम घालण्यापुरता तो चांगला आहे. सहा आठवड्यांहून मोठा खंड पडला असेल आणि शर्यत दोन महिन्यांवर आली असेल, तर पूर्ण मॅरेथॉनचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंडाचे कारण काय होते, यावर परतीची रीत अवलंबून असते. मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस यांची साथ असते. ताप अंगात असताना, किंवा तो गोळीने उतरवून, कधीही धावू नये. विषाणूंच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते आणि अशा वेळी केलेला जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. डेंग्यूनंतरचा थकवा ताप गेल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळतो, म्हणून केवळ प्लेटलेट पूर्ववत झाल्या एवढ्यावर विसंबू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी चालायला लागावे, भूक आणि झोप ताळ्यावर आल्यावर धावायला लागावे, आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजण्याची सवय ठेवावी. ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी अधिक लागत असेल, तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून धावणे टाळावे, कारण लेप्टोचे जंतू अशाच पाण्यातून शरीरात शिरतात. तसे पाणी तुडवावे लागलेच, तर प्रतिबंधक औषधाविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

दुखापतीचे प्रकरण अधिक किचकट आहे, कारण तिथे धावपटू स्वतःचीच समजूत घालण्यात तरबेज असतो. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच चमकत असेल, तर तळव्याच्या पडद्याला सूज असण्याचा संभव असतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे ओळखण्यासाठी मुंबईकराला वेगळ्या चाचणीची गरज नाही. दादर स्थानकाचा पूल पुरतो. जिना चढताना काहीच जाणवत नाही, पण उतरताना, गुडघा किंचित वाकून शरीराचा भार पुढच्या पायावर येत असताना, बाहेरच्या बाजूला सुरी टोचल्यागत कळ येते आणि हात आपोआप कठड्याकडे जातो. असे होत असेल, तर मांडीच्या बाहेरून जाणारा आयटी बँड दुखावलेला असण्याची शक्यता मोठी आहे आणि त्या आठवड्यात लाँग रनचा आग्रह धरू नये. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूवर बोट दाबले असता दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणका लागत असेल किंवा लंगडल्याशिवाय चालता येत नसेल, तर घरगुती उपाय थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. हाडाला बारीक तडा गेल्याची ही लक्षणे असू शकतात आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा बरेचदा दिसतही नाही. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे हा तर सरळ धोका आहे. ती दुखण्याची खूण पुसते, आणि अंगातले पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडावर ताण आणते.

दुखापतीतून उठलेल्या पायांसाठी जागेची निवडही विचारपूर्वक करावी. जुहूच्या वाळूत धावले की पायांना आराम मिळतो असा समज आहे. प्रत्यक्षात मऊ वाळूत पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर भार वाढतो, आणि किनाऱ्याच्या उतारामुळे एक पाय सतत खाली पडतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ तब्येत ठणठणीत असताना उत्तम, परतीच्या पहिल्या महिन्यात मात्र नको. मरीन ड्राइव्हचा सपाट पदपथ किंवा शिवाजी पार्कभोवतीची फेरी पुष्कळ बरी. शिवाजी पार्कच्या फेरीचा आणखी एक फायदा असा, की पाय कुरकुरला तरी घराकडे वळायला फार लांब जावे लागत नाही. मरीन ड्राइव्हच्या दुसऱ्या टोकाला पोहोचल्यावर ती सोय उरत नाही. धावणे पूर्ण बंद असेल, तर पोहणे आणि सायकल यांनी दमसास बराच टिकवता येतो.

ऑक्टोबरातली घसरण हा खरा खंड नव्हेच, पण पुष्कळजण तो तसा मानतात. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढत जातात. अशा दिवसांत घड्याळातला वेग पाहून खचून जाण्याऐवजी श्रमाचा अंदाज घेऊन धावावे. डिसेंबरात पहाटेचा गारवा आला की तोच श्रम अधिक वेग देतो. हिवाळ्यात मात्र हवेतली धूळ आणि धुरके वाढते, त्यामुळे दमेकऱ्यांनी हवेचा निर्देशांक पाहूनच बाहेर पडावे.

आता इतरांच्या अनुभवांविषयी. खंड पडलेला धावपटू साहजिकच दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकतो, आणि त्यातली "तीन आठवडे काहीच केलं नव्हतं, तरी साडेचार तासांत आलो" ही कहाणी त्याच्या मनात घर करते. अशा कहाणीतली वेळ बाजूला ठेवून तिच्या मागचे तपशील विचारावेत: त्या तीन आठवड्यांपूर्वी साप्ताहिक अंतर किती होते, ही कितवी मॅरेथॉन होती, हवा कशी होती, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये काय झाले आणि पुढचा महिनाभर पाय कसे होते. वेळ सांगताना ती चिपची की गनची, हेही विचारून घ्यावे; गनची वेळ शर्यतीच्या इशाऱ्यापासून मोजली जाते, चिपची वेळ प्रत्यक्ष आरंभरेषा ओलांडल्यापासून, आणि मोठ्या गर्दीत या दोहोंत बरीच मिनिटे जातात. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात चढते, वसई-विरारची शर्यत तुलनेने सपाट आहे. दोन्हींच्या वेळा एका तागडीत घालण्यात काही अर्थ नाही. आपला अनुभव सांगणाऱ्यानेही हेच पथ्य पाळावे. पदकाच्या छायाचित्रापेक्षा, बत्तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे का आले आणि त्याआधी काय खाल्ले-प्यायले होते, हे लिहिलेले दुसऱ्याच्या अधिक कामी येते. वही ठेवावी, त्यात अंतरासोबत झोप, दुखणे आणि बुटांचे वय यांचीही नोंद असावी.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा बसून निर्णय घ्यावा. पूर्ण मॅरेथॉनसाठी निदान एक 28 ते 30 किलोमीटरचा लाँग रन दुखण्याविना पार पडला असेल, तर शर्यत धावावी, परंतु वेळेचे जुने लक्ष्य सोडावे. तो झाला नसेल, तर या शेवटच्या आठवड्यांत घाईने उरकू नये, कारण त्याचा लाभ शर्यतीपर्यंत मिळत नाही आणि थकवा तेवढा शिल्लक राहतो. माघार घ्यायची ठरल्यास आपले बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, मित्राला देऊ नये. ते नियमाविरुद्ध आहेच. शिवाय वाटेत त्याला काही झाले तर वैद्यकीय पथकाच्या हाती नाव आणि माहिती आपली लागते. प्रवेशशुल्क गेले तर जाऊ द्यावे.

धावायचे ठरलेच, तर सुरुवात जाणीवपूर्वक संथ करावी. पूर्ण मॅरेथॉन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात निघते. गारवा असतो, ढोल-ताशे असतात, आणि सी लिंकवर, जिथे एरवी पायी जायला बंदी आहे, तिथे वारा आणि उत्साह दोन्ही माणसाला पुढे ढकलतात. मार्गात वेळोवेळी बदल होतात, त्यामुळे त्या वर्षीचा नकाशा पाहून ठेवावा. पेडर रोडचा चढ उत्तरार्धात येणार असेल, तर तो चालत चढण्याचे आधीच मनाशी ठरवावे. खंड पडलेल्या धावपटूने तिथे धावण्याचा हट्ट धरू नये, चार-पाच मिनिटांच्या बचतीसाठी ती किंमत फार आहे. पाणी तहानेप्रमाणे घ्यावे. प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी ढोसल्याने रक्तातले मीठ धोकादायक रीतीने उतरू शकते, म्हणून लांब अंतराला इलेक्ट्रॉल किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी सोबत असलेले चांगले. ते आधी लाँग रनला पिऊन पाहिलेले असावे.

वाटेत थांबण्याची तयारी ठेवूनच निघावे. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास तिथेच थांबून जवळच्या वैद्यकीय कक्षाकडे किंवा स्वयंसेवकाकडे जावे. केवळ जुनी दुखापत उसळली असेल आणि चालता येत असेल, तर रस्त्याच्या कडेला येऊन बिब काढून ठेवावे. पश्चिम रेल्वे या मार्गापासून फार लांब नसते; जिथे थांबाल तिथून माहीम, दादर, प्रभादेवी, महालक्ष्मी, ग्रँट रोड, चर्नी रोड किंवा मरीन लाइन्स यांपैकी एखादे स्थानक गाठता येते. त्यासाठी कमरेच्या पाउचमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून शंभराच्या दोन नोटा आणि घरच्या माणसाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, कारण घामाने भिजलेल्या बोटांना फोनचा पडदा दाद देईलच असे नाही.